पलंगापासून खुर्चीपर्यंत

मी एक जुना लोखंडी डंबेल आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय जीव आणि कसली आलीय घालमेल! पण खरे सांगतो, माझ्याइतका चुळबुळ्या तुम्हाला शोधून सापडणार नाही. पाच किलो वजन, दोन टोकांना दोन गोळे आणि मधे मुठीत मावेल एवढा दांडा, असा माझा अवतार. पाय नाहीत की चाके नाहीत. कोणी उचलले तर उठायचे, ठेवले तर पडून राहायचे. आणि नेमके तेच, पडून राहणे, मला जमत नाही. जमिनीला टेकलो की माझा जीव टांगणीला लागतो. आता कोणी उचलेल, मग उचलेल, अरे कोणीतरी उचला ना, असे मनात सारखे चाललेले असते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. काळ्या ओल्या वाळूचा साचा, वरून लालभडक वितळलेले लोखंड आणि जिकडे तिकडे धूर. मला ओतणाऱ्या कारागिराच्या भुवया भट्टीच्या झळांनी पार जळून गेल्या होत्या, त्यामुळे त्याचा चेहरा कायम चकित झाल्यासारखा दिसे. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. त्याने घाईघाईने पळी कलती केली आणि माझ्या एका गोळ्यावर हवेचा बुडबुडा अडकून छोटासा खड्डा राहिला. साथीदार म्हणाला, "अहो, याला व्रण राहिला बघा." त्यावर हा म्हणाला, "राहू दे रे. वजनाचं काय रूप बघायचंय?" पहिलाच शब्द ऐकला तो असा. मला लागले, पण सांगणार कोणाला?

माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. त्याला खड्डा नव्हता आणि त्याचा त्याला फार तोरा होता. आम्ही दोघे एका व्यायामशाळेत दाखल झालो. टायरच्या दुकानावरची लांबलचक खोली, एका भिंतीला आरसा, खाली रबराच्या चटया, आणि घामाचा नि वंगणाचा वास. तिथे शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. ती शिट्टी त्यांनी कधी वाजवली नाही. वाजवायची गरजच नव्हती, त्यांचा आवाज खालच्या टायरवाल्यालाही पाठ झाला होता.

काय दिवस होते ते! सकाळी दार उघडले की हातच हात. या मुठीतून त्या मुठीत, खाली, वर, बाजूला. मी खूश. पण एक गंमत सांगतो. येणारा प्रत्येकजण आरशासमोर उभा राहायचा आणि दंडाची बेटकुळी फुगवायचा. पुढची बाजू तेवढी सगळ्यांना प्यारी. दंडाच्या मागच्या बाजूचे कोणाला काही पडलेले नव्हते, कारण ती आरशात दिसत नाही ना! मग शिट्टीसर कडाडायचे, "अरे, दंडाचा मोठा वाटा मागेच असतो! दार ढकलताना, जमिनीवरून उठताना काय बेटकुळी येते का कामाला? ट्रायसेप्स करा, ट्रायसेप्स!"

तो व्यायाम मला मनापासून आवडायचा. दोन्ही तळव्यांनी माझा वरचा गोळा पेलायचा आणि मला डोक्यावर उभे धरायचे. कोपरे कानांशी. दंड अजिबात हलवायचे नाहीत. मग फक्त कोपरे दुमडून मला सावकाश मानेमागे सोडायचे, आणि तितक्याच सावकाश परत वर न्यायचे. एवढेच. पण त्या एवढ्याशात भल्याभल्यांचे हात लटपटायचे. टपाल वाटणारी एक बाई मात्र तो व्यायाम असा काही निगुतीने करायची की शिट्टीसर गप्प उभे राहून बघायचे. झाल्यावर ती मला टॉवेलने पुसायची आणि जागेवर ठेवायची. पुसणारी तेवढी ती एकच.

मग नवे डंबेल आले. रंगीत, रबर चढवलेले, सहा कोनांचे. ठेवले तिथे गुपचूप बसणारे, शहाणे! आम्ही पडलो गोल, ठेवले की घरंगळणार, कोणाच्या तरी पायावर जाणार. आम्हाला बोलणी बसायला लागली. एक दिवस माझ्या भावाला भंगारवाल्याने उचलले. मला ठेवले ते अडगळीच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून, टेकू द्यायला. मी दाराला टेकू! दार बिचारे वाऱ्याने हलायचे तरी, मी मात्र ढिम्म. अंगाला गंजाचा तांबेरा चढला. रोज वाटायचे, ओरडावे. पण लोखंडाला तोंड कुठले?

त्यातून मला सोडवले एका रंगाऱ्याने. तो व्यायामशाळा रंगवायला आला होता. उंचनिंच, मान नेहमी थोडी मागे, छताकडे बघून बघून तशीच राहिलेली. रंगाच्या डब्याचे झाकण बसेना, तेव्हा त्याने इकडे तिकडे बघितले, मला उचलले आणि झाकणावर दण्णकन हाणले. झाकण बसले. त्याने मला हातात तोलून बघितले आणि म्हणाला, "सर, हा मला द्या. झाकणं ठोकायला झकास आहे."

"न्या की," शिट्टीसर म्हणाले. "दार बंदच ठेवू आम्ही."

मित्रांनो, तिथून माझी खरी मजा सुरू झाली. रंगाऱ्याच्या पिशवीत ब्रश, लांबी भरायचे पत्रे, पॉलिशपेपर आणि मी. आज दातांच्या दवाखान्यात, उद्या शाळेत, परवा कोणाच्या नव्या घरात. खाली अंथरलेले प्लास्टिक उडू नये म्हणून मीच, आणि संध्याकाळी झाकणे ठोकायला मीच. अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे उडाले की तांबेरा दिसेनासा झाला. आणि माझा मालक तर माझ्यासारखाच निघाला. एका जागी म्हणून बसणार नाही. चहासुद्धा शिडीच्या पायरीवर उभा राहून प्यायचा. छत रंगवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. लांब दांड्याचा रोलर घ्यायचा, कोपरे बाहेर फाकवायची आणि खांद्यातून असा काही रेटा द्यायचा की बघत राहावे. लोक म्हणायचे, भिंती कोणीही रंगवेल, छताला मात्र यालाच बोलवा.

आणि एका कचेरीच्या जिन्यात, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून त्याची शिडी सरकली.

पिशवी त्याच्या घरी आली तेव्हा मी आत होतो. तो घरी आला त्याच्या बऱ्याच दिवसांनंतर, दोघांनी उचलून आणला. कंबरेखाली काही हलत नव्हते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेला पलंग, शेजारी चाकांची खुर्ची. मी पलंगाखाली, तो पलंगावर. दोघेही पडून! वर त्याची तगमग मला कळायची. रात्रंदिवस पलंगाच्या कडेवर बोटे वाजवत असायचा.

घरात त्याची बायको होती आणि लेक होती. लेक लहानपणापासून बापाच्या शिडीवर सरसर चढायची, म्हणून तो तिला खारू म्हणायचा. तिचे खरे नाव घरात कोणी घेतच नसे. पहिल्या आठवड्यात बायकोनेच त्याला पलंगावरून खुर्चीवर घ्यायचा प्रयत्न केला आणि तिच्या कंबरेत अशी उसण भरली की तीच चार दिवस वाकून चालत होती. तेव्हापासून ते काम खारूचे. सकाळी हार्डवेअरच्या दुकानात कामाला जाण्याआधी, दुपारी सायकल दामटत घरी येऊन, आणि संध्याकाळी परत. त्याच्या काखेत दोन्ही हात घालायची, "चला बाबा, हुप्पा!" म्हणायची आणि उचलायची. तिला यायला उशीर झाला की तो तसाच पलंगावर. कितीही अडचण झाली, तरी तसाच. उचलताना ती काहीतरी गंमत बोलत राहायची आणि तो भिंतीकडे बघत राहायचा.

खारू क्रेन चालवायला शिकली होती. बंदरावरच्या मोठ्या क्रेन असतात ना, जहाजावरच्या घराएवढ्या पेट्या उचलणाऱ्या, त्या. एक दिवस तिला बंदरावरून फोन आला. नोकरी पक्की होती. बंदर लांब, एक अख्खा दिवस प्रवास. थंडी संपली की नवी माणसे रुजू होणार होती, तोवर हो की नाही ते कळवायचे होते.

"बघते," एवढेच ती फोनवर म्हणाली.

"बघते काय? हो म्हणायचं!" पलंगावरून बाप ओरडला.

"आणि तुम्हाला उचलणार कोण? आई?"

आईने गॅस बारीक केला, उगाचच. त्या घरात त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता, आणि तो विषय कोणी काढतही नव्हते. माझा तर पलंगाखाली नुसता जीव खालीवर होत होता.

व्यायाम शिकवायला एक फिजिओबाई यायच्या. त्यांनी सांगितले, "काका, खुर्चीवर आपलं आपण जाता येतं. एक हात पलंगावर, एक खुर्चीवर टेकायचा, कोपरं सरळ करून सगळं अंग वर उचलायचं आणि पलीकडे न्यायचं. त्याला दंडाची मागची बाजू पाहिजे, ट्रायसेप्स. तुमची अगदी मऊ पडलीय. घरात काही वजन आहे का?"

बायकोने पलंगाखालची पिशवी ओढली. उजेड आला! फिजिओबाईंनी मला बाहेर काढले, अंगावरचे शिंतोडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "हा तर तयारच बसलाय." मित्रांनो, माझे काय झाले असेल ते विचारू नका.

त्यांनी त्याला खुर्चीत ताठ बसवले, चाके अडवली, पट्टा बांधला. मग तोच माझा आवडता व्यायाम. दोन्ही तळव्यांत मी, डोक्यावर, कोपरे कानांशी, दंड स्थिर. "फक्त कोपरातून. खांदा नाही वापरायचा," त्यांनी बजावले.

"अहो बाई," रंगारी म्हणाला, "उभा जन्म हात वर करून काढलाय मी. हात वर कसे करायचे ते मला शिकवता होय?"

बाई समोर होत्या तोवर त्याने नीट केले. बाईंची पाठ वळली आणि त्याने सुरू केले आपल्या पद्धतीने. कोपरे बाहेर फाकली, खांद्यांनी रेटा दिला आणि मी वर. पुन्हा वर. पुन्हा. काय सपाटा तो! हातांना सवयच ती पडलेली, छताला रोलर रेटण्याची. त्याला वाटले आपण ट्रायसेप्स करतोय. मला कळत होते की हे चुकतेय, दंडाच्या मागच्या बाजूला काही लागतच नाहीये. शिट्टीसरांचे ओरडणे मला पाठ होते. पण मी सांगू कसा? मी त्याच्या डोक्यावर वरखाली होत होतो आणि आतून कासावीस होत होतो. बाई अधूनमधून यायच्या तेव्हा हा पुन्हा साळसूद, कोपरे कानांशी. त्यात लबाडी नव्हती हो. समोर कोणी सांगणारे असले की हात ऐकायचे, नसले की छताकडे धावायचे.

असेच काही आठवडे गेले. खांदे चांगले भरले. एका दुपारी त्याला राहवेना. खारू यायला अवकाश होता. त्याने बायकोकडून खुर्ची पलंगाला लावून घेतली, एक हात इकडे, एक हात तिकडे टेकला आणि जोर केला. अंग किंचित उचलले गेले. मग कोपर थरथरले, दुमडले आणि तो पलंग नि खुर्चीच्या मधे खाली कोसळला.

बायकोला उचलता येईना. तिने त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, त्याला कुठे लागले का ते चाचपून बघितले, आणि मग स्वतःच त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने हातात हात घेतला, तोही त्याने सोडवून घेतला. मी हाताशीच होतो. त्याने मला असे भिरकावले की मी घरंगळत थेट कपाटाखाली गेलो.

खारू आली. दारातच थबकली. मग शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून आणली आणि दोघांनी मिळून बाबांना पलंगावर घेतले. इस्त्रीवाला गेल्यावर ती म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून कळवते."

बाप भिंतीकडे तोंड करून होता.

आई म्हणाली, "कळवायचं ते शेवटच्या दिवशी कळव. आत्ता कसली घाई आहे?"

"आई, काय बदलणार आहे तोवर?"

"मला काय माहीत? पण आज नको कळवूस."

कपाटाखालचे दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. धूळ, एक हरवलेले बटण, आणि अंधार. बाहेर पावले वाजायची, खुर्चीची चाके करकरायची. दिवस सरत होते, थंडी सरत होती. त्याचे हात पडून वाया जात होते आणि मीही वाया जात होतो. मला राग यायचा. त्याचा, माझा, त्या गुळगुळीत फरशीचा, सगळ्यांचा!

शेवटी त्यालाच ते सहन होईना. एक दिवस तो खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "तो कुठे गेला गं?"

"कोण?"

"कोण काय कोण! डंबेल."

"भिरकावलात तिथेच असेल." असे म्हणत तिने केरसुणीने मला बाहेर ओढले आणि फडक्याने पुसून त्याच्या हातात दिले. मग त्याच्यामागे पलंगावर बसून उसवलेल्या बाहीला टाके घालू लागली. त्याने मला डोक्यावर नेले आणि सुरू केले. सपासप. बायकोने दोन टाके घातले, वर बघितले. पुन्हा एक टाका घातला, पुन्हा वर बघितले. आजवर ती समोरून किंवा स्वयंपाकघरातून बघायची. मागे बसून तिने पहिल्यांदाच बघितले होते.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही छत मारताय."

"काय?"

"छत! रोलर मारताय तुम्ही. मी काय तुम्हाला ओळखत नाही? लग्नानंतर दोन वर्षं तुमच्या शिडीखाली उभी राहून भिंती घासल्यात मी. माझ्या डोक्यावर किती रंग सांडलाय तुमच्या या अशा रेट्यानं! त्या बाई काय म्हणाल्या होत्या? खांदा नाही म्हणाल्या होत्या."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. कोपरातूनच करतोय मी."

तिने शिवण बाजूला ठेवले. मागून दोन्ही तळहात पुढे केले, त्याची कोपरे धरली आणि त्याच्या कानांशी घट्ट दाबून ठेवली. "आता करा."

त्याने मला मानेमागे सोडले. आणि मी तिथेच राहिलो. तो जोर करत होता, मान लाल झाली होती, पण मी वर जाईना. इतके दिवस सपासप वर जाणारा मी पाच किलोचा, त्या दुपारी त्याच्या पाठीशी लोंबकळत राहिलो.

"सोड," तो म्हणाला.

"नाही सोडत."

"अगं, पडेल तो पाठीवर. सोड म्हणतो ना!"

"पडू दे. माझा गुडघा आहे मधे. तुम्ही वर न्या."

"तुला मजा वाटते का? इथं माझा जीव चाललाय!"

"माझ्या पोरीची नोकरी चाललीय हातची!" ती एकदम ओरडली. तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तिथं उंचावर बसून जहाजं रिकामी करायची सोडून ती इथं खिळे विकत बसेल जन्मभर. तुमच्या या दोन कोपरांपायी. न्या वर!"

त्याचे डोळे भरून आले. रागाने म्हणा, कशानेही म्हणा. तिने हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवली, गुडघ्याने मला खालून एवढासा आधार दिला, आणि मी इंचाइंचाने वर गेलो. एकदाच. त्या दिवशी तेवढेच झाले.

मग रोज दुपारी तेच. खारू जेवून परत दुकानात गेली की दार लोटायचे आणि सुरू. ती मागे बसून कोपरे धरायची आणि दोघे कडाकडा भांडायचे. "फाकली बघा, फाकली!" "नाही फाकली, तूच ओढतेस." "मी ओढते? बरं, मी ओढते. न्या वर." खारूला यातले काही सांगायचे नाही असे ठरले होते. पुन्हा आपटलो तर तिला बघायला नको, असे त्याचे म्हणणे. हळूहळू गुडघ्याचा आधार सुटला. मग एक दिवस तिने कोपरांवरचे हातही हळूच काढून घेतले, आणि कोपरे जिथल्या तिथे राहिली. तिने त्याला सांगितले नाही. मला तेवढे कळले.

पण अंग उचलले जाते की नाही हे कसे बघायचे? तिने त्यावर एक युक्ती काढली. तो पलंगावर बसला की त्याच्याखाली जुने वर्तमानपत्र घालायचे. त्याने दोन्ही हात टेकून अंग उचलायचे आणि तिने कागद ओढायचा. पहिल्यांदा कागद फाटला. अर्धा तिच्या हातात, अर्धा त्याच्याखाली. दुसऱ्या दिवशीही फाटला. घरात रद्दी अशी काही संपली की इस्त्रीवाला विचारायला लागला, "वहिनी, रद्दी वाचता की खाता?" मग एका दुपारी कागद अख्खा आला. कागदाचा एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता. तिने तो उलटसुलट करून बघितला, घडी घातली आणि म्हणाली, "परत." त्याने परत केले. कागद परत अख्खा आला.

तरी मला चैन नव्हते, मित्रांनो. कागद निघणे वेगळे आणि मधली ती दरी ओलांडून खुर्चीवर जाणे वेगळे. फिजिओबाईंनी जवळ उभे राहून त्याच्याकडून एकदा ते करून घेतले, तेव्हा मधेच थांबावे लागले. आणि थंडी तर संपत आली होती.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी खारू आली, सायकल भिंतीला टेकवली, हात धुतले. चेहरा उतरलेला. "आज कळवून टाकते त्यांना," ती आईला म्हणाली. "आधी बाबांना खुर्चीत घेते." तिने खुर्ची पलंगाशी आणली, चाके अडवली, खुर्चीचा बाजूचा हात काढून ठेवला, आणि नेहमीसारखे त्याच्या काखेत दोन्ही हात घातले. "चला बाबा, हुप्पा!"

"हात काढ," तो म्हणाला.

तिला वाटले कुठे दुखले. तिने पकड सैल केली, पण हात तिथेच.

"खारू, हात काढ."

तिने हात काढले. ते हात तसेच हवेत राहिले. त्यांचे काय करायचे ते तिला कळेना. इतके महिने दिवसातून कितीदा तरी त्यांनी हेच केले होते. ते पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जात होते आणि ती पुन्हा पुन्हा ते मागे घेत होती. बापाने ते बघितले. मी त्याच्या उशीशी होतो. त्याने मला उचलले आणि तिच्या हातांत दिले.

"हा धर तोवर."

तिने मला धरले. त्याने एक तळहात पलंगावर टेकला, दुसरा खुर्चीवर. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ओठ आत ओढून. त्याने कोपरे सरळ करायला सुरुवात केली. अंग उचलले गेले. एक कोपर थरथरले. खारूने मला छातीशी असे आवळले की तिच्या काळजाचे ठोके माझ्या लोखंडात वाजत होते. ती पुढे झुकली. तिला धावायचे होते. पण हातात मी होतो ना! कोपर थरथरत राहिले, पण दुमडले नाही. तो सरकला, थोडा अडकला, पुन्हा रेटला. आणि धप्पकन खुर्चीत बसला.

त्याने धापा टाकत एक पाय हाताने उचलून खुर्चीच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा.

"आता लाव फोन," तो म्हणाला.

"पडलात तर?" खारूने विचारले.

"पडलो तर आई आहे. इस्त्रीवाला आहे. आणि पडलो तर पडलो. शिडीवर चढताना तरी मी कोणाला विचारायचो?"

"पण मग मी... मग मी कोणाला उचलू?"

"पेट्या उचल की! त्या काय स्वतः उतरणार आहेत जहाजातून?"

आई आधी हसली, मग रडली. खारूने एका हाताने फोन लावला. "हो," ती म्हणाली, "येते." दुसऱ्या हाताने तिने मला धरूनच ठेवले होते. फोन झाला, ती खाली बसली, बापाच्या गुडघ्यावर डोके ठेवले, तरी मला खाली ठेवले नाही. मला आजवर पुष्कळांनी उचलले आहे, मित्रांनो. पण असे नुसते धरून कोणी ठेवले नव्हते. मी हललो नाही आणि हलावेसे वाटलेही नाही.

खारू गेली. मी इथेच आहे, रोज सकाळी त्याच्या मानेमागून वर जातो आणि खाली येतो, आणि उरलेला दिवस पूर्वीसारखाच चुळबुळत काढतो. माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे वजन धूळ खात पडले असेल तर त्याला पुसा, तांबेरा काढा आणि रोज उचला, कोपरे कानांशी ठेवून. आणि तुमच्या घरात कोणी पडून असेल, त्याला तुम्ही उचलत असाल, तर जरूर उचला. पण एखाद्या दिवशी त्याने "हात काढ" म्हटले, तर रागावू नका आणि घाबरूही नका. हात काढा, आणि एक पाऊल मागे सरून तिथेच उभे राहा.